अस्तराखालची शाल

काका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे. आधी त्याच्या कपड्याची उलटी बाजू.

हुडकेश्वरला त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा मी दारातच उभी होते. हातात बॅग, डोक्यावर ऊन, आणि हे गृहस्थ माझं नाव-गाव विचारायचं सोडून माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून उभे. मनात म्हटलं, झालं! नागपुरात पहिल्याच दिवशी नको तो माणूस भेटला. मी ओढणी खसकन ओढणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून घडीचं छोटं पितळी भिंग काढलं, ओढणी उलटी केली आणि एका जागी डोळा लावला. बाभळीच्या काट्यात अडकून ती तिथे फाटली होती आणि आईने रफू केली होती.

"हे कोणं केलं?"

"आईनं."

"कुठची तुही माय?"

"रामटेकच्या अलीकडे गाव आहे आमचं."

"मांगून पाह्य. एक गाठ नाई. समोरून तं कोणीबी सजवते वं, पण मांगून इतकं साफ!" आणि वाक्य तिथेच टाकून ते आत ओरडले, "ऐकलं का वं, रूम देल्ली!"

आतून काकूंचा आवाज आला, "नाव तं विचारा पोरीचं!"

आईच्या त्या चार टाक्यांवर मला खोली मिळाली. खोलीमुळे काका मिळाले, आणि आज मला जे काही येतं ते काकांमुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांची टिंगल केली तर कुणी गैरसमज करून घेणार नाही.

काका मिलमध्ये डिझाइन खात्यात होते. त्यांचं काम जकार्डचं. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र, मूळचं फ्रान्सचं. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडायची. जिथे भोक तिथे उभा धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथे खालीच राहतो. अशा पट्ट्या ओळीने फिरत राहिल्या की कापडावर आपोआप फुलं-पानं उमटतात. कागदावरच्या फुलाची भोकं करायची, हे काकांचं आयुष्यभराचं काम. मिल बंद झाली तेव्हा लोकांनी काय काय उचलून नेलं. काकांनी टेम्पो भरून पुठ्ठे आणले.

ते पुठ्ठे घरभर होते. खिडक्यांना जाळी म्हणून पुठ्ठे, न्हाणीच्या झरोक्याला पुठ्ठे, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा. सकाळी ऊन आलं की फरशीवर ठिपकेच ठिपके पडायचे आणि काका चहाचा कप घेऊन त्यात उभे राहायचे. "हे टॉवेलचं डिझाइन आहे पाह्य. हे पलंगपोसाचं. ह्यात माही एक चूक झालती, तो तिसरा ठिपका." काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "लोकाईच्या घरी ऊन येते, आमच्या घरी डिझाइन येते." दसऱ्याला शेजारीपाजारी गाड्यांना हार घालत, काका पुठ्ठ्यांना हळदकुंकू लावत. आणि हे अगदी मनापासून, डोळे मिटून.

कुठेही कोयरी दिसली की काकांचं पुराण सुरू व्हायचं. मेंदीत दिसो, पत्रिकेवर दिसो, काकूंच्या गाऊनवर दिसो. मला तर ते पाठ झालं होतं.

"काश्मीरच्या शालीवर पयले एक लहानसं झाड राहे. मुळ्या, देठ, फूल, सगळं. सरळ उभं. मंग तिकडच्या मडमाईले शाल आवडली. मंग तिकडचे व्यापारी कागदावर चित्रं काढून थेट श्रीनगरले पोचले. हे असं नको, असं इणा. झाडाचा बुटा लांबवला, मान वाकवली, मुळ्या कापल्या, शेपटी वाढवली, झाली कोयरी. शाल भरून टाकली पार! अन् तिकडं त्याईच्या देशात, जकार्डवर, तशाच शाला काढणं सुरू केलं. आता सांग, नक्कल कोणं केली?"

"युरोपवाल्यांनी."

"अर्धे मार्क."

"मग काश्मीरवाल्यांनी?"

"अर्धे मार्क."

पूर्ण मार्क मला त्यांनी कधी दिले नाहीत. काकूंना मात्र एकदा दिले. काकू वैतागून म्हणाल्या होत्या, "दोघाईनं बी केली अन् दोघाईचं बी पोट भरलं, आता जेवायले चला."

लग्नात तर काकांना एकटं सोडायची सोय नव्हती. एका रिसेप्शनला मी त्यांच्यासोबत होते. जेवणाच्या रांगेत पुढच्या बाईंच्या पदरावर कोयऱ्या होत्या. काकांनी पदर हळूच उलटा केला आणि भिंग काढलं. बाई किंचाळल्या, त्यांचा नवरा बाह्या सरसावत आला. काका आपले भिंगातून मान वर न काढता म्हणतात, "साहेब, मांगून धागे लटकून राहिले. अंगठीत अडकला एखादा तं अख्खी कोयरी जाईन." काकू धावत आल्या. "माफ करा हो भाऊ, डोळ्याचे डॉक्टर नाईत ते, डोक्याचे पेशंट आहेत." शेवटी त्या बाई खुर्चीवर बसलेल्या आणि काका खिशातल्या सुई-दोऱ्याने त्यांचा पदर नीट करतायत, असं दृश्य अख्ख्या हॉलने पाहिलं. मी लाजेने पार मेले होते. गुलाबजाम मात्र त्या नवऱ्यानेच आम्हाला आणून दिले.

आणि तो सत्कार! कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींनी काकांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. पाहुण्यांनी शाल खांद्यावर घातली. काकांनी ती तिथल्या तिथे काढली, उलटी केली, पाहिली आणि माइकमध्ये सांगितलं, "पॉवरलूम. पयल्या धुण्यात जाईन. नारळ चांगला आहे." पुढे आम्ही हुडकेश्वरात ती मंडळी दिसली की रस्ता बदलायचो.

मी तेव्हा शहरातल्या एका छोट्या संग्रहालयात कंत्राटावर मदतनीस होते. जुनी कापडं झाडायची, गुंडाळायची, त्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या. कॉलेजात शिकलेलं तिथे पहिल्याच आठवड्यात संपलं. मग रोज संध्याकाळी काका मला ओट्यावर बसवून शिकवायचे. हाताने विणलेली काश्मिरी शाल आणि जकार्डवरची विलायती शाल समोरून सख्ख्या बहिणी दिसतात. फरक कळतो पाठीवर. हाताच्या शालीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता जातो, शेजारच्या रंगाला अडकवून तिथूनच परत फिरतो. यंत्राच्या शालीत सगळे धागे या काठापासून त्या काठापर्यंत धावतात, आणि मागे लोंबणारे धागे नंतर कातरून टाकतात. कातरलेलं लपत नाही. हे सगळं झालं की काका बोट उचलून म्हणायचे, "मांगून पाह्यल्याबिगर तोंड उघडायचं नाई. मीबी नाई, तूबी नाई."

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जुन्या शालींचं प्रदर्शन ठरलं. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, घराघरांतून शाली मागवल्या. सगळ्यांत सुंदर शाल आली ती एका निवृत्त नर्सबाईंकडून. आम्ही त्यांना सिस्टरच म्हणायचो. बाई एकट्या राहायच्या, शहरातल्याच इंदोऱ्याला. त्यांनी उशीच्या अभ्र्यातून शाल काढून टेबलावर पसरली आणि मी बघतच राहिले. विटकरी, निळा, हिरवा, आणि काठापासून मध्यापर्यंत वळत गेलेल्या लांबच लांब कोयऱ्या. मागून तांबडं सुती अस्तर, बारीक टाक्यांनी शिवलेलं.

"अस्तर माह्या मायनं लावलं," सिस्टर म्हणाल्या. "आजोबा एका सरदाराच्या घरी छताचा पंखा दोरानं ओढत. सरदाराचं पोरगं तापानं फणफणलं होतं, तं सात दिवस आजोबानं हातचा दोर सोडला नाई. म्हणून ही काश्मीरची शाल भेटली. पण वस्तीत कोणी मानलं नाई. पंखेवाल्याले कोणी असली शाल देते का म्हणे! बाजारातून मशीनची स्वस्त आणली अन् थापा मारून राहिला म्हणे. माही माय जनमभर भांडली त्यापायी."

मॅडम म्हणाल्या, ही काश्मीरची, मधल्या भिंतीवर. अस्तराला हात लावू नकोस, जुनं आहे. मी चिठ्ठी लिहिली: 'काश्मीर. हाताने विणलेली.' पाठ पाहिली नव्हती. मॅडमनी सांगितलं, सिस्टरांनी सांगितलं, शाल दिसतही होती तशी, म्हणून लिहून मोकळी झाले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मोठ्या हौसेने काकांना शाली दाखवायला नेलं. सिस्टरही आल्या होत्या, आपली शाल भिंतीवर कशी दिसते ते बघायला. ठेवणीतली साडी नेसून, केसात फूल माळून. काका त्या शालीसमोर आले आणि थांबले. त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो तसा कधीच पाहिला नव्हता.

"अवं पोरी! हे तं जकार्ड!"

"काका, हळू..."

"हे वळण पाह्य! असं वळण हाताच्यानं येतच नाई, हे कागदावरचं वळण आहे. फ्रान्स! शंभर टक्के फ्रान्स! बाप्पा, काय काम करत होते माह्या मशीनवर!"

दिवे लावणारे, खुर्च्या मांडणारे, सगळे वळून बघायला लागले. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. सिस्टर पुढे झाल्या.

"म्हणजे मशीनवरची?"

"मशीनवरची!" काका इतक्या आनंदाने म्हणाले की जणू बाईंचं अभिनंदनच करत होते. त्यांच्या मते यंत्रावरची म्हणजे सर्वांत मोठा मान. समोरच्या बाईंच्या तोंडावर काय चाललंय हे त्यांना दिसतच नव्हतं.

"म्हणजे आमचे आजोबा थापाडेच," सिस्टर म्हणाल्या. "उतरवा ती शाल."

मी हातापाया पडले. मॅडमनी समजावलं. सिस्टरांनी शाल अभ्र्यात घातली, छातीशी धरली आणि मागे न बघता गेल्या. मधली भिंत रिकामी झाली. मॅडमनी मला आत बोलावून दार लावलं आणि थंड आवाजात सांगितलं, "उद्या अकरा वाजता त्या भिंतीवर शाल नसेल, तर तुझ्या पुढच्या कंत्राटाचं मला काही सांगता येणार नाही."

घरी येईपर्यंत मी काकांशी बोलले नाही. स्कूटरवर मागे बसून रडत होते, ते वाऱ्यामुळे त्यांना ऐकू गेलं नाही. काकूंनी मात्र दारातच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला एकच विचारलं.

"मांगून पाह्यली होती का?"

काका चपला काढत होते. तसेच वाकलेले राहिले.

"अस्तर होतं," ते म्हणाले.

"मी ते नाई विचारून राहिली."

 काका त्या रात्री जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, खूप आला होता, आणि तरी तो म्हातारा माणूस ओट्यावर बसून नुसतं भिंग उघडतोय-मिटतोय हे बघवत नव्हतं.

सकाळी सातला त्यांनी माझ्या दारावर थाप मारली. अंगात इस्त्रीचा सदरा. "चाल. इंदोऱ्याले."

सिस्टरांनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. काकांनी दारातच हात जोडले. "बाई, मी न पाह्यता बोललो. माह्या मशीनचं प्रेम आडवं आलं. चार बोटं अस्तर उसवू द्या. जे निघन ते सांगीन."

"अन् मशीनच निघाली तं?"

"तं तेबी सांगीन. खोटं तं तुमाले नाई सांगणार."

 सिस्टर म्हणाल्या, "उसवते. पण जे निघन ते इथं माह्या कानात नाई सांगायचं. जिथं ओरडले होते तिथंच, सगळ्याईसमोर सांगायचं. कबूल?"

"कबूल."

कात्री त्यांनी आमच्या हातात दिली नाही. आईचे टाके त्यांनी स्वतः उसवले, एकेक करून, दोरा तुटणार नाही असे. खिडकीखाली खाट होती, तिच्यावर शाल पालथी घातली. काका गुडघ्यांवर बसले आणि भिंग लावलं. मला वरूनच दिसलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. ते काकांनीच सांगायचं होतं. कातरलेला एकही धागा नव्हता. जिथे रंग बदलत होता तिथे केसाएवढी बारीक, वर उठलेली रेघ, धागा धाग्याला अडकवून परत फिरल्याची. आणि एका ठिकाणी शालीचे दोन तुकडे इतक्या नाजूक टाक्यांनी जोडलेले की हाताला शिवणही लागत नव्हती.

काकांनी भिंग त्या चार बोटांवरून दोनदा फिरवलं. मग म्हणाले, "नाई."

"काय नाई?" सिस्टरांनी विचारलं.

"माहं नाई. मशीनचं नाई. हे हाताचं आहे, बाई. चित्र तिकडचं, फ्रान्सचं, कागदावर आलेलं. पण बोटं काश्मीरची. मले वळण दिसलं अन् मी हात इसरलो." भिंग मिटून त्यांनी डोळे पुसले. "कोणं देल्ली हे धागा सांगत नाई. ते तुमच्या आजोबानं सांगतलं आहे, अन् मले ते पुरे आहे."

सिस्टर खाटेवर बसल्या. रडल्या, पण थोडंच. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "भाऊ, मी जनमभर नर्स होती. पेशंटले कुशीवर केल्याबिगर पाठीची जखम दिसत नाई, हे आमी पयल्या दिवशी शिकतो. तुमाले एवढं बी ठाऊक नव्हतं?"

"होतं," काका म्हणाले. "त्याचंच तं दुखून राहिलं."

मग त्यांनी चहा टाकला. चहा पिताना मी हळूच म्हटलं, "काका, म्हणजे माझी चिठ्ठी बरोबरच होती." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा कप हातात तसाच राहिला. "बरोबर निघाली तुही चिठ्ठी. पण तूबी मांगून पाह्यलं नव्हतं. तुह्यं नशीब चांगलं, माह्यं खराब. चूक दोघाईची सारखीच." हे मला फार लागलं. आजही कुठली चिठ्ठी लिहिताना घाई झाली की तेच आठवतं.

साडेदहाला शाल भिंतीवर होती, एक कोपरा मुद्दाम दुमडलेला, पाठ दिसेल असा. पाहुण्यांचं भाषण संपल्यावर काका कुणी न बोलावता माइकपाशी गेले. मॅडमनी डोळे मिटून घेतले. काकांनी काल काय बोललो ते सांगितलं, आज काय दिसलं ते सांगितलं, आणि सिस्टरांच्या आजोबांचं पूर्ण नाव घेऊन, "ते खरं बोलले होते" असं म्हणून वाकून नमस्कार केला. सिस्टर पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

मग काकांनी मला नवी चिठ्ठी सांगितली आणि मी लिहून घेतली. शेवटच्या ओळीवर मॅडम अडल्या. संग्रहालयात असं काही लिहीत नाहीत, म्हणाल्या. काका म्हणाले, "शालीची पाठ दाखवता, अन् माही काहून लपवता?" मॅडमनी चिठ्ठी तशीच लावायला सांगितली. माझं कंत्राट पुढे चालू राहिलं, नंतर मी कायम झाले. सिस्टरांनी शाल संग्रहालयालाच दिली. अस्तरही दिलं, तेही आम्ही शेजारी लावलं.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. काकूंनी पुठ्ठे अजून काढलेले नाहीत. मी गेले की त्या ठिपक्यांत पाट मांडून मला जेवायला वाढतात आणि म्हणतात, "तिसऱ्या ठिपक्यावर नको बसू, ती त्याईची चूक आहे."

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी परवा ती चिठ्ठी वाचली आणि शेवटची ओळ काढायला सांगितली. मी आजवर वरिष्ठांना कधी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. वर सरळ सांगितलं, की ती ओळ काढायची असेल तर माझ्या जागी दुसरं कुणी बघा. साहेबांनी वाकून तो दुमडलेला कोपरा बघितला आणि ते पुढे गेले. चिठ्ठी अजून आहे.

'शाल. काश्मीर. हाताने विणलेली. नक्षी फ्रान्समधून आलेल्या कागदी नमुन्यावरून. घरात सांगत आल्याप्रमाणे, सेवेबद्दल मिळालेली. ही शाल यंत्रावरची आहे असं एकदा सांगण्यात आलं होतं. ते चूक होतं. सांगणाऱ्याने अस्तर उसवून पाहिलं नव्हतं.'

खाली दोन नावं आहेत. एक पंखा ओढणाऱ्या आजोबांचं, खरं सांगणारे म्हणून. दुसरं काकांचं, चुकणारे म्हणून. आपलं नाव छापायचं तर तेवढ्या एकाच जागी, असं काकांनी मला बजावलं होतं, म्हणून इथे ते लिहिलेलं नाही. त्या चिठ्ठीवरची धूळ मी स्वतः पुसते.